दवंडी, भोंगा आणि दिवा

आज ज्यांच्याबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्यांच्यापर्यंत रेडिओवरचा हा आवाज पोचणारच नाही. म्हणून हे भाषण मासिकात छापाच, अशी विनंती आम्ही आधीच करून ठेवली आहे. ज्यांच्या घरात, शेजारी किंवा गटात कमी ऐकू येणारी बाई आहे, त्यांनी छापून आल्यावर ते पान तिच्या हातात द्यावं. वाचता येत नसेल तर समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश सांगावं.

विषय तसा घरगुती आहे. दार वाजलं, बाळ रडलं, कुकरची शिट्टी झाली, नदीला पाणी आलं, चोर शिरला, हे सगळं आपल्याला कानानं कळतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ते कसं कळायचं? पूर्वी कसं कळायचं, मधल्या काळात काय झालं आणि आता काय सोय आहे, याचा हा थोडका इतिहास.

तो सांगावासा वाटला त्याला कारण आमच्या बैठका. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आमच्या बचत गटांत साठीच्या पुढच्या बायका बऱ्याच आहेत. हप्ता किती, व्याज किती, हे आम्ही सांगतो आणि त्या मान हलवतात. नंतर कळतं, की ऐकूच आलेलं नव्हतं. चष्मा लागला तर बाई सगळ्यांना सांगते, पण कान गेले तर कुणाला सांगत नाही. कारण ‘बहिरी झालीय म्हातारी’ हे आपल्याकडे चेष्टेनंच म्हटलं जातं. त्यामुळे ती मान हलवत राहते, आणि सगळ्यांना वाटतं तिला कळलं.

आता जुन्या काळाकडे वळू. गावात खबर द्यायची ती दवंडीनं. हलगीवर किंवा डफावर थाप पडायची, चार माणसं गोळा व्हायची, मग सारा भरायची मुदत असो, पटकीची साथ असो, सगळं मोठ्यानं पुकारलं जायचं. हे काम महार वतनातलं होतं. रात्री-अपरात्री गावभर फिरायचं आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी विधेयक मांडलं, आणि ही वतनं कायद्यानं संपली ती १९५८ च्या कायद्यानं. दवंडीच्या आठवणी गोड करून सांगताना ती कुणाच्या पायांवर चालत होती, हे विसरायला नको.

तरी दवंडीत एक गोष्ट होती. खबर घेऊन एक माणूस यायचा, आणि तो दिसायचा. हलगी जवळ आली की तिची थाप छातीत जाणवते, ती ठार बहिऱ्या माणसालाही जाणवते. वाड्यातली बहिरी आत्या दारात येऊन उभी राहायची आणि शेजारीण तिला हातानं खूण करायची, ‘पाणी आलंय, वर चल’. तिच्यासाठी कुणी वेगळी सोय केली नव्हती. पण गल्लीत माणूस आल्यावर माणसं बाहेर यायची, आणि त्यात तिचंही काम व्हायचं.

मग आपल्या भागात कालवा आला. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला, त्याचं वालचंदनगर झालं. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने आले. कारखान्याबरोबर आला भोंगा. पाळी बदलायची वेळ भोंगा सांगायचा. ज्यांच्या घरात घड्याळ नव्हतं, त्यांचंही घड्याळ भोंगाच. पहाटेचा भोंगा झाला की भाकरी थापायला बसायचं, दुपारचा झाला की शेतात न्याहारी सोडायची, असं आमच्या सासवा सांगतात.

भोंगा कैक मैल जायचा. दवंडीवाला एका दिवसात जेवढं फिरायचा, त्याच्या कितीतरी पट लांब भोंगा एका दमात पोचायचा. पण त्याच्यामागं माणूस दिसत नव्हता. गल्लीत कुणी येत नव्हतं, म्हणून कुणी बाहेर येत नव्हतं, म्हणून बहिऱ्या आत्याला खूण करायला कुणी नव्हतं. पुढे देवळावरचे कर्णे आले, जीपवरचे लाऊडस्पीकर आले, मग फोन आला. खबर जितकी लांब आणि जितकी झटकन जायला लागली, तितका खबर देणारा माणूस दिसेनासा झाला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली मुख्य गोष्ट हीच आहे. ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी दर वेळी सुधारणा झाली. ज्यांना येत नाही, त्यांच्या वाट्याला होती तीही सोय गेली, आणि त्यांना आपली सोय आपणच करावी लागली.

भोंग्याची दुसरी बाजूही सांगतो. जो कारखाना भोंगा वाजवतो, त्याच कारखान्यात कान जातात. गिरणीचे रूळ, टर्बाइन, बॉयलर, यांच्याजवळ वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान हळूहळू उतरतात. कानाच्या आत शंखासारख्या नळीत बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसाच्या त्या पेशी परत उगवत नाहीत. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलची मर्यादा कारखान्यांच्या नियमांत आहे. आवाजानं आलेलं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या रोगांच्या यादीत होतं, आणि कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही आहे. पण किती घरांत हे माहीत असतं? ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो.

यात आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. चिमणी, फोनची रिंग, लहान मूल आणि बाईमाणसाचा आवाज. त्यामुळे कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा पारावरच्या मित्राचं सगळं ऐकतो आणि बायकोचं काहीच ऐकत नाही, अशी तक्रार घरोघर असते. त्यातली थोडी तक्रार खरोखर कानाची आहे, बाकीची तुमची तुम्ही बघा.

कायद्याच्या भाषेत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्ट्यातले ७० डेसिबलपर्यंतचे आवाज ऐकू येत नसतील तर ते बहिरेपण, आणि ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर ऊनश्रवण, म्हणजे कमी ऐकू येणं. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांवर माणसांची नोंद ऐकण्याच्या अपंगत्वात झाली. मान हलवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या त्यात धरल्या असतील असं आम्हाला वाटत नाही.

आता जरा लांबच्या देशांत जाऊ, कारण बहिऱ्या लोकांनी आपली सोय आपण कशी केली याच्या नोंदी तिकडे जास्त आहेत. वीज नव्हती तेव्हा अमेरिकेतल्या बहिऱ्या घरांत दाराची दोरी ओढली की आत एक जड वजन धाडकन फळ्यांवर पडायचं. आवाजासाठी नव्हे, तर जमीन हादरावी म्हणून. बहिरी आई बाळाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधून झोपायची. बाळ हललं की दोरी ओढली जायची. आपल्याकडे झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून भाजी निवडणारी आई काही वेगळं करत नाही. ऊसतोडीच्या कोपीवर तर हे रोज दिसतं.

टेलिफोनची गोष्ट तर फार विचित्र आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा मुळात बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याची आई एलायझा हिला फार कमी ऐकू यायचं. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलायचा, म्हणजे तिला थरथर जाणवायची. त्याची बायको मेबल हिचे कान लहानपणीच तापानं गेलेले. या माणसानं १८७६ साली टेलिफोन केला, आणि तो त्याच्या आईलाही वापरता येईना, बायकोलाही वापरता येईना. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं जगातल्या सगळ्या बहिऱ्यांची टेलिफोननं हीच गत केली. नोकरी, डॉक्टर, नातेवाईक, सगळं फोनवर गेलं आणि ते दाराबाहेर राहिले. बेल मोठा माणूस खरा, पण बहिऱ्यांनी हातांच्या खुणांची भाषा सोडावी, त्यांनी आपापसांत लग्नं करू नयेत, अशीही त्याची मतं होती. ज्यांचं भलं करायचं त्यांनाच न विचारण्याची खोड जुनी आहे.

टेलिफोनचं हे दार उघडलं ते एका बहिऱ्या माणसानंच. रॉबर्ट वाइटब्रेख्ट नावाचा कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ, जन्मापासून बहिरा. त्या काळी वर्तमानपत्रांच्या आणि तारेच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटर असत, एका ठिकाणी टाइप केलं की दुसऱ्या ठिकाणी कागदावर उमटायचं. फोन कंपनी आपल्या तारेला बाहेरचं यंत्र जोडू देत नव्हती. वाइटब्रेख्टनं १९६४ साली युक्ती केली. फोनचा रिसीव्हर एका खाचेत ठेवायचा, टाइप केलेली अक्षरं सुरांत बदलून रिसीव्हरमधून जातील आणि पलीकडे पुन्हा अक्षरं होतील. त्याच्या जोडीला जेम्स मार्स्टर्स नावाचा बहिरा दातांचा डॉक्टर आणि अँड्र्यू सॅक्स होते. जुनी, भंगारात निघालेली, दोन माणसांना उचलेनात अशी यंत्रं बहिऱ्या लोकांनी दुरुस्त करून घरोघर पोचवली. फोन आला हे कळायला रिंगच्या जागी दिवा लुकलुकायचा. दाराच्या घंटीलाही तसाच दिवा. घरातल्या दिव्याची उघडझाप म्हणजे कुणीतरी आपल्याला बोलावतंय, हे त्या घरांत पोरांनाही ठाऊक. हा वाइटब्रेख्ट १९८३ साली कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत असताना गाडीच्या धडकेनं गेला.

बाळाच्या रडण्याचं यंत्र १९३७ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीनं काढलं. बाळाच्या खोलीत एक डबा, आईच्या खोलीत दुसरा, आणि आवाज इकडून तिकडे. ज्यांना ऐकू येतं त्यांच्या आणखी सोयीसाठीच. बहिऱ्या आईबापांसाठी आवाजावर दिवा लागणारी यंत्रं नंतर आली. आपल्यातल्या वयानं मोठ्या बायकांनी गुलजारांचा ‘कोशिश’ पाहिला असेल, १९७२ चा, संजीव कुमार आणि जया भादुरीचा. दोघंही मूकबधिर. त्यांचं पहिलं मूल पावसाच्या रात्री रांगत घराबाहेर जातं, आणि त्याचं रडणं आत पोचत नाही. दुसरं मूल झाल्यावर त्याला ऐकू येतंय का ते बघायला बाप खुळखुळा वाजवतो, मूल वळत नाही, दोघं हादरतात, आणि मग कळतं की खुळखुळ्यात खडेच नाहीत. थिएटरात लोक रडले आणि हसले. पण त्या घरात एक दिवा असता तर, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला असेल का, कोण जाणे. तशी यंत्रं तेव्हा इथल्या बाजारात कुठं मिळणार होती.

आपल्या देशात बहिऱ्या मुलांची पहिली शाळा मुंबईत माझगावला १८८५ साली सुरू झाली, म्हणजे आपल्या कालव्याच्याच साली. शाळा वाढल्या, वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली आली, आणि १९८१ पासून साधनांची सरकारी योजना आहे, त्यातून श्रवणयंत्रं मिळतात. पण सगळा भर ऐकवण्यावर आणि बोलायला शिकवण्यावर राहिला. शाळेत शिकून आलेली मुलगी घरी राहते कशी, रात्री तिला उठवायचं कसं, ही गोष्ट घरच्यांवर सोडलेली. आणि एक लक्षात घ्या, श्रवणयंत्र रात्री काढून ठेवावं लागतं. दिवसा यंत्रावर बऱ्यापैकी ऐकणारी बाईसुद्धा रात्री पूर्ण बहिरी असते. चोर, आग आणि पूर तर रात्रीच येतात.

रात्रीचं काय, यावर ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना झोपेत उठवून पाहिलं. लुकलुकणाऱ्या झगझगीत दिव्यानं जेमतेम पावभर लोक उठले, बाकीचे झोपून राहिले. गादीखाली थरथरणारी चकती ठेवली तर बहुतेक जण उठले. आणि सगळ्यात जास्त उठले ते कशानं? खालच्या पट्टीतल्या भसाड्या आवाजानं, ५२० हर्ट्झच्या. धुराच्या गजराचा नेहमीचा आवाज असतो चिरका, सुमारे ३,००० हर्ट्झचा, म्हणजे म्हातारपणी जो आधी जातो तोच. इतकी वर्षं गजर बनवणाऱ्यांनी नेमका तोच आवाज निवडला होता! २०१० नंतर अमेरिकेच्या नियमांत झोपायच्या खोल्यांसाठी खालच्या पट्टीचा गजर आला.

जपानमध्ये तर याहून भारी प्रयोग झाला. तिकडे वसाबी नावाचं एक तिखट मूळ असतं, खाल्लं की थेट नाकात चढतं. आग लागली की त्याचा वास खोलीत फवारणारा गजर तिथल्या लोकांनी बनवला, बहिऱ्यांना झोपेतून उठवण्यासाठी. हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं इग नोबेल बक्षीस २०११ साली त्यांना मिळालं. आम्ही हे बैठकीत सांगितल्यावर एक काकू म्हणाल्या, ‘त्यात काय, आमच्याकडं मिरचीची फोडणी दिली की अख्खी आळी उठती.’

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर कुकरचं बोलू. आपल्या घरातला सगळ्यात नेमाचा गजर म्हणजे कुकरची शिट्टी. डाळीला चार, भाताला तीन, हा हिशोब कानाचा. कान गेले की म्हातारीच्या हातचा भात करपायला लागतो, आणि सून म्हणते, लक्ष नाही. लक्ष असतं, शिट्टी गेलेली असते. आमच्या गटातल्या एका आजींनी स्वतःच उपाय काढला. ओट्यावर तळहात टेकून उभ्या राहतात. शिट्टीला कुकर थरथरतो, ते फरशीतून हाताला कळतं. आणखी एकजण वाळूचं छोटं घड्याळ ठेवतात, नातवाच्या खेळातलं. शिट्ट्या मोजायच्या सोडून मिनिटं बघतात.

मोबाइल आला आणि बहिऱ्यांचं जग खरोखर बदललं. जगातला पहिला मेसेज ३ डिसेंबर १९९२ ला गेला. मेसेज काढणाऱ्यांच्या मनात बहिरी माणसं नव्हती, पण त्यांनी तो झडप घालून घेतला. इतकी वर्षं बंद असलेला फोन एकदम उघडला. रिंगच्या जागी थरथर आली. उशीखाली फोन ठेवला की पहाटेचा गजर झाला. मग व्हिडिओ कॉल आला आणि हातांनी बोलणाऱ्यांना हातांनी बोलता येऊ लागलं. आता बोललेलं मराठीत लिहून दाखवण्याची सोयही फोनमध्ये आहे. २०२० साली तर आजूबाजूचे आवाज ओळखून थरथरणारे फोन आले. बाळ रडलं, कुत्रं भुंकलं, दार वाजलं, नळ चालू राहिला, धुराचा गजर झाला की फोन सांगतो. ती यादी आम्ही वाचली. कुकरची शिट्टी तीत नव्हती. यादी करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिट्टी होत नसावी. २०२२ पासून आयफोनला आपल्या घरातला आवाज शिकवता येतो म्हणे, पण आमच्या गटात आयफोन कुणाकडे आहे?

फोन आहे कुणाकडे, हाही प्रश्न आहेच. खूप घरांत चांगला फोन नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो, आणि घरात राहतो तो बटणांचा जुना.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. पुणे ग्रामीण भागात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते, ती तुम्हाला माहीत आहे. चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, तर एकानं ठरलेल्या नंबरवर फोन करून आपल्या आवाजात सांगायचं. तोच आवाज गावातल्या नोंद केलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी जातो. फार चांगली गोष्ट आहे ही. एका फोननं अख्खं गाव उठतं. पण फोन वाजतो, कानाला लावायचा, आणि ऐकायचं. आमच्या एका गटातल्या अक्का सांगतात, ‘माझा बी नंबर हाय त्यात. फोन थरथरतो, मी उचलते, कानाला लावते, मला काय कळत न्हाई. मग घाबरून कडी लावून बसते, सकाळपर्यंत.’ त्यांच्यासाठी तो फोन खबर देत नाही, नुसती भीती देतो. त्याच फोनपाठोपाठ दोन शब्दांचा मेसेज आला, ‘चोर’ किंवा ‘आग’, तरी त्यांची रात्र निराळी जाईल.

करोनाच्या वेळी असंच झालं. मार्च २०२० पासून कुणालाही फोन लावला की आधी खोकला आणि मग सूचना. सगळ्या देशाला दिलेली खबर, आणि तीही कानातून. वर मास्कनं सगळ्यांची तोंडं झाकली, त्यामुळे ओठ बघून बोलणं समजून घेणाऱ्या बायकांचं तेही गेलं. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, बँकेत त्यांना काही समजेना.

त्यामानानं २०२३ साली आलेला सरकारी इशाऱ्याचा प्रयोग आम्हाला बरा वाटला. आठवतंय ना, एकाएकी सगळे फोन मोठ्यानं किंचाळायला लागले होते, पडद्यावर इंग्रजीत ‘इमर्जन्सी अलर्ट’? कितीजणींना वाटलं फोन हॅक झाला. ती चाचणी होती. त्यात आवाज, थरथर आणि लिहिलेली सूचना अशा तिन्ही गोष्टी एकदम येतात, आणि कुठं नाव नोंदवावं लागत नाही, त्या भागातल्या टॉवरवरच्या सगळ्या चालणाऱ्या फोनवर ती येते. बटणांच्या जुन्या फोनवर मात्र बहुधा येत नाही. आणि ११२ नंबरवर मदत मागायला मेसेजही करता येतो, हे बोलता न येणाऱ्यांच्या घरात लिहून ठेवा.

हे सगळं कशासाठी सांगतोय? २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. पुणे-पुरंदरकडे तुफान पाऊस झाला, नाझरे धरणातून पाणी सुटलं आणि दुसऱ्या दिवशी कऱ्हा नदीनं बारामतीत काठ सोडला. हजारो माणसांना हलवावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये इंदापुरात पुन्हा तसंच पाणी. नीरा आणि भीमेच्या काठाला तर दर पावसाळ्यात निरोप असतो, मोटारी काढून घ्या, जनावरं वर न्या. निरोप येतो कर्ण्यावरून, गाडीच्या भोंग्यावरून, फोनवरून. २०१६ च्या कायद्याच्या आठव्या कलमात आपत्तीच्या वेळी दिव्यांगांच्या सुरक्षेची तरतूद आहे. त्यासाठी गावाला आधी माहीत पाहिजे, की कुठल्या घरात रात्री ऐकू न येणारं माणूस एकटं झोपतं.

म्हणून आम्ही गटागटांतून अशा घरांची वही करायला घेतली आहे. नाव, आळी, आणि रात्री हाक द्यायला जाईल ती शेजारीण. प्रत्येक नावापुढं एक शेजारीण ठरवायची, ती गावाला गेली तर दुसरी. कडी आतून असते, दार वाजवून उपयोग नसतो, म्हणून खिडकीतून विजेरीचा झोत तोंडावर मारायचा, असं ठरलं. झोपलेल्या माणसाला दिव्यानं जाग येईलच असं नाही, हे आत्ताच सांगितलं. त्यामुळे काहीजणींनी खिडकीतून खाटेपर्यंत दोरी नेली आहे, बाहेरून ओढली की उशी हलते. अमेरिकेतली जुनी दोरी आणि आपली झोळीची दोरी, तिसऱ्या कामाला लागली.

दाराच्या घंटीला दिवा लावणं तर फार सोपं आहे. घंटीच्या वायरीला समांतर एक बल्बचा होल्डर काढायचा, बटण दाबलं की घंटीबरोबर बल्ब लागतो. चांगल्या वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका. काही शे रुपयांत होतं. वीज गेल्यावर तो चालत नाही, त्यासाठी बॅटरीवरच्या, दिवा लागणाऱ्या बिनतारी घंट्याही मिळतात. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते वर्षाच्या शेवटी घाईघाईनं वाटून टाकतात. ग्रामसभेत दिव्याच्या घंटीची आणि थरथरणाऱ्या गजराची मागणी लेखी द्या. अडचण अशी, की त्यासाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं दिव्यांग प्रमाणपत्र विचारतात, आणि आमच्या मान हलवणाऱ्या म्हाताऱ्यांनी कान कधी तपासूनच घेतलेले नाहीत. म्हणून पहिलं काम तपासणीचं. गाडी ठरवून आठजणी एकदम गेल्या तर भाडं आणि लाज, दोन्ही वाटून जातं.

वर ज्या अक्कांचं सांगितलं, त्यांच्या घरी गेल्या महिन्यात दिवा लागला. मुलानं वायरमनला खाटेच्या डोक्याशी जागा दाखवली होती. अक्कांनी ती नको म्हटली. त्या म्हणाल्या, रात्री दार कोण वाजवतंय, रात्रीसाठी शेजारणीची दोरी हाय. माणसं येतात ती संध्याकाळी, धारेच्या वेळंला, आणि तवा मी गोठ्यात असते, वाजवून वाजवून माघारी जातात. मग वायर गोठ्यापर्यंत वाढवली, वायरमननं तिचे वेगळे पैसे घेतले, आणि लाल बल्ब म्हशीच्या दावणीच्या वर लागला.